कोपराखाली एक मूठ

परवा बोरिवलीच्या एक बाई फोनवर मला म्हणाल्या, "ओट्याची उंची स्टँडर्ड ठेवून टाका हो. माप घ्यायला उगाच माणूस नका पाठवू." माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "चप्पल घेता ती स्टँडर्ड नंबरची घेता का?" बाईंनी फोन ठेवला. काम राहतंय की जातंय ते बघू. पण मागाहून माझ्या लक्षात आलं, हे वाक्य माझं नाहीच. ते साळवे मिस्त्रींचं. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं आणि मी अजून त्यांच्या तोंडाने गिऱ्हाइकांशी भांडते.

मी कांदिवलीत राहते आणि स्वयंपाकघरांची कामं घेते. जुना ओटा तोडण्यापासून नव्या ट्रॉल्या बसेपर्यंत सगळं. त्यातलं दगडाचं काम अठरा वर्षं अर्जुन साळवेंकडे होतं. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत एका खोलीत राहायचे. अंगाने काटकुळे, बुटके, मिशी बारीक कापलेली. कामावर येताना इस्त्रीचा शर्ट. आल्यावर तो काढून खिडकीला टांगायचे, जुने कपडे चढवायचे, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन पुन्हा इस्त्रीच्या शर्टात. "दगडाची धूळ गल्लीत कशाला मिरवायची?" म्हणायचे. खिशात पांढरी पेन्सिल, एक रुपयाचं नाणं आणि लिंबू. लिंबाचं पुढे सांगते.

माप घ्यायची त्यांची रीत मी दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीकडे पाहिली नाही. टेप ते सगळ्यात शेवटी काढायचे. आधी जी बाई स्वयंपाक करते तिला भिंतीशी उभं करायचं, कोपर दुमडायला लावायचं, आणि अंगाला न लागता कोपराखाली आपली मूठ धरायची, अंगठा वर करून. अंगठ्याचं टोक कोपराशी, आणि मुठीचा तळ जिथे येईल तिथे भिंतीवर पेन्सिलीची रेघ. ती ओट्याची उंची. मग टेप लावून आकडा लिहायचा. "ताई, टेप सगळ्यांना सारखी असते. कोपर ज्याचं त्याचं."

आणि या माणसाच्या स्वतःच्या घरात काय होतं? खोलीच्या आधीच्या मालकाने लावलेला कडप्पा, जेमतेम मांडीएवढा उंच. त्यांची बायको कमल, म्हणजे आमच्या कमलवहिनी, त्यांच्याहून चांगली चार बोटं उंच. त्या कडप्प्यावर वर्षानुवर्षं वाकून भाकऱ्या थापून वहिनींची कंबर धरली ती धरलीच. एकदा मी साळवेंना झाडलं, "जगाच्या बायकांची कोपरं मोजता, स्वतःच्या बायकोचं काय हो?"

ते शांतपणे म्हणाले, "वस्ती तुटणार आहे ताई. आज लावला नि उद्या जेसीबी आला तर? नवीन घरात गेलो की पहिलं काम तिचा ओटा. माझ्या हाताने. शब्द दिलाय मी तिला."

वस्ती 'यंदा तुटणार' हे मी त्यांच्याकडून किती वर्षं ऐकलं, देव जाणे. पण हा शब्द आमच्या कामावरच्या सगळ्यांना ठाऊक होता. दगडाच्या बाजारात गेलो की गिऱ्हाइकाची स्लॅब ठरल्यावर साळवे आणखी दहा मिनिटं मागायचे आणि वहिनींसाठी दगड बघत फिरायचे. कधी हिरवट आवडायचा, कधी करडा. घ्यायचे नाहीत, फक्त तळहात फिरवून यायचे.

मापाची रीत पक्की झाली ती एका चुकीनंतर. मुलुंडला एका घरी साळवेंनी सरळ विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?" तर सासूबाई पदर खोचून पुढे. "मी. घरात मोठी मी आहे." सून मागे गप्प उभी. साळवेंनी सासूबाईंची उंची धरून ओटा लावला. त्या जेमतेम पावणेपाच फूट. महिन्याभराने सिंकखाली गळतंय म्हणून बोलावलं. गेले, तर पाच फूट सहा इंचांची सून पाय फाकवून ओट्यावर वाकलेली, आणि सासूबाई बाहेर सोफ्यावर सीरियल बघत मटार सोलतायत.

साळवे माझ्या ऑफिसात येऊन कपाळाला हात लावून बसले. "चूक माझी आहे ताई. सासू उभी असताना सून 'मी करते' म्हणेल कशी? मी विचारायलाच नको होतं."

पुढच्या रविवारी जाऊन त्यांनी तो ओटा सोडवला आणि खाली भर घालून उंच केला. सासूबाईंनी आकांत केला, आता माझे हात पोचायचे नाहीत म्हणून. साळवेंनी त्यांना उभं राहायला लाकडी पाट करून दिला. त्यानंतर त्यांनी कुठल्याही घरी हा प्रश्न विचारला नाही. सकाळी अकराच्या सुमाराला, न सांगता, पाणी प्यायच्या निमित्ताने जायचे आणि कोणाचे हात पिठात आहेत ते बघून यायचे. एका घरी निवृत्त मास्तर कणीक मळताना सापडले. बायको त्यांना दारातून खुणा करत होती, आत पळा म्हणून. साळवेंनी मास्तरांचंच माप घेतलं.

दगड निवडतानाही तेच, विचारायचं कमी आणि बघायचं जास्त. स्लॅबवर आधी बादलीभर पाणी ओतायचे. दगड वाळत आला की भेग असेल तिथे ओली रेघ मागे राहते. मग नाण्याने टकटक. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर पुढची स्लॅब. काळ्या ग्रॅनाइटवर थिनरचा बोळा फिरवायचे, रंग मारलाय का बघायला. आणि मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली दिसली की दुकानदाराला म्हणायचे, "शेठ, याला पट्टी कशाला बांधली? पाय मोडलाय काय?" दुकानदार त्यांना बघून चहा मागवायचे, पण मनातून वैतागायचे.

लिंबू नमुन्यासाठी. दुकानातून दगडाचा तुकडा आणायचा, त्यावर लिंबाची चकती आणि चिमूटभर हळद ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुसून बघायचं. डाग किंवा फिकट वर्तुळ राहिलं तर तो दगड ओट्याला नाही. अंधेरीच्या एका साहेबांना पांढराशुभ्र मार्बलच हवा होता. साळवेंनी तुकड्यावरचं वर्तुळ दाखवलं. साहेब म्हणाले, "आम्ही सांभाळू."

"तुम्ही सांभाळाल हो साहेब. पण स्वयंपाकाला मावशी येतात ना? त्यांनी फोडणी द्यायची की दगड सांभाळायचा?"

साहेबांनी ऐकलं नाही. चार महिन्यांत ओट्यावर हळदीचे, चिंचेचे, पेल्यांच्या बुडांचे डाग. आणि साहेबांनी काय करावं? मावशीला कामावरून काढलं. साळवेंना पॉलिशला बोलावलं तेव्हा हे कळलं. ते हत्यारांची पिशवी खांद्याला तशीच ठेवून म्हणाले, "दगड तुम्ही निवडला आणि नोकरी तिची गेली. ती परत आली की मी पॉलिश करतो." मला लगेच फोन, तुमचा मिस्त्री उद्धट आहे. म्हटलं, "आहे." आठवड्याने मावशी परत आल्या आणि साळवेंनी तीन दिवस बसून तो ओटा घासला. निघताना मावशींना सांगितलं, "लिंबू पाटावर कापा, दगडावर नको. बाकी तुमची काही चूक नव्हती."

काम संपलं की घरच्यांना ओट्यासमोर उभं करून ते सूचना द्यायचे. रोज साधं पाणी आणि भांड्यांचा साबण. ॲसिड नाही, बाथरूमचं लिक्विड नाही. तेल मुरलं तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून थापायचा आणि दुसऱ्या दिवशी काढायचा. गरम कुकर दगडावर थेट ठेवायचा नाही. डाग आत मुरू नयेत म्हणून वर्षातून एकदा सीलरचा हात. आणि माळ्यावरचा डबा काढायला ओट्यावर चढायचं नाही, सिंकच्या बाजूला तर अजिबात नाही, कारण सिंकसाठी कापलेला असतो तिथे दगड अरुंद असतो. सगळे मान डोलवायचे. दिवाळीच्या साफसफाईत सगळे चढायचे. मग मला फोन, ओट्याला आपोआप तडा गेला. "आपोआप तर केससुद्धा पिकत नाहीत," साळवे म्हणायचे आणि जाऊन तडा भरून यायचे.

आता जे सांगायचं ते सांगायला मला जड जातं. दगड पाणी मारून कापला की धूळ उडत नाही, पण चिखल होतो. जिन्यात ओघळ येतात, खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात, सोसायटी काम बंद करते. म्हणून मुंबईत कितीतरी मिस्त्री कोरडं कापत आले. तोंडाला रुमाल बांधायचा आणि मशीन चालू करायचं. साळवेंनी सगळी उमेदीची वर्षं तसंच कापलं. आणि "साळवे, पाणी नको हं, तक्रार येईल" हे मी स्वतः त्यांना सांगितलंय. एकदा नाही, कितीदा. ते "बरं ताई" म्हणायचे. हे मी विसरू शकत नाही आणि विसरूही नये.

आधी जिना चढताना थांबायला लागले. मग बोलताना मध्ये थांबायला लागले. खोकला औषधाने जाईना. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, फुप्फुसात दगडाची धूळ बसली आहे. बसली ती निघायची नाही. आणखी गेली तर वाचवणं कठीण. त्या दिवशी साळवे मला म्हणाले, "वाट लागली ताई. आता तिचा ओटा कसा करू?" मी म्हटलं, "आधी जीव सांभाळा, ओटा बाजूला ठेवा." तर माझ्यावर चिडले. "बाजूला ठेवू? एवढी वर्षं ती काय ऐकत आली माझ्याकडून?"

काम सुटलं. वहिनी एका नर्सिंग होममध्ये आया होत्या, त्यांनी जास्तीची ड्युटी घेतली. सकाळी सातला बाहेर, रात्री आठला घरी. मुलगी लग्न होऊन बदलापूरला. घरात साळवे एकटे. डाळ लावायला शिकले, मग भाजी, मग ज्वारीच्या भाकऱ्यासुद्धा. पहिल्या भाकऱ्यांना वहिनी नकाशे म्हणायच्या, असं त्यांनीच मला हसत सांगितलं आणि हसता हसता खोकले.

आणि मग वस्ती खरोखर तुटली. भाड्याच्या खोलीत काही काळ काढल्यावर नव्या बिल्डिंगमधल्या घराची चावी मिळाली. सातवा मजला, लिफ्ट, एक हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात बिल्डरने सगळ्यांना लावलेला तसाच एक ओटा. साळवेंचा फोन आला. "ताई, चावी मिळाली. इस्माईलला घेऊन या."

इस्माईल म्हणजे त्यांचा जोडीदार, बारा वर्षं त्यांच्याबरोबर दगड उचलणारा. वहिनींनी मला आधीच बजावलं होतं, "ताई, त्यांना मशीनजवळ उभंसुद्धा करायचं नाही." म्हणून करड्या ग्रॅनाइटची स्लॅब दुकानातच पाण्याखाली कापून आणली. कड मात्र साळवेंनी स्वतः घासली. तोंडाला मास्क, शेजारी पाण्याची बादली, हातात घासायचा दगड. वीस मिनिटं घासायचं, तासभर आडवं व्हायचं. असे पाच आठवडे लागले. वहिनी घरी असल्या की बादली रिकामी नाही ना ते बघत राहायच्या. 'माझ्या हाताने' म्हणाले होते, तेवढं तरी त्यांनी खरं केलं.

ओटा बसवायच्या दिवशी वहिनींनी रजा घेतली. बिल्डरचा ओटा आदल्या दिवशी तोडला होता. साळवे दारात खुर्चीवर बसले. म्हणाले, "कमल, भिंतीला लागून उभी राहा. इस्माईल, माप घे."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "मी कशाला? स्वयंपाक कोण करतं या घरात?"

"ते तात्पुरतं आहे."

"डॉक्टर म्हणाले तात्पुरतं?"

वहिनीच पुढे म्हणाल्या, "अहो, मी सातला जाते, आठला येते. माझ्या ताटात तुमची भाकरी असते. उभ्याने तुम्हाला दम लागतो, म्हणून जमिनीवर बसून थापता आणि मग उठता येत नाही. स्टुलावर बसा इथे. इस्माईलभाई, यांचं माप घ्या."

"मी शब्द दिलाय तुला!"

"दिलाय ना. मग चुकीचं माप घेऊन पाळणार काय?"

साळवेंचा चेहरा लाल झाला होता. ते ओरडले असते, पण तेवढा दम छातीत नव्हता. शेवटी उठले, स्टुलावर बसले आणि कोपर दुमडलं. इस्माईलने मूठ धरली. रेघ जमिनीपासून जेमतेम अठ्ठावीस इंचांवर आली. साळवे त्या रेघेकडे बघत बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उगाच गॅसची नळी तपासत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी इस्माईलला जवळ बोलावलं. सिमेंट नको, ओटा उभ्या कडप्प्यांवर नुसत्या सिलिकॉनच्या गोंदाने बसव. मागच्या टाइल्स पार जमिनीपर्यंत लाव. सिंकचा पाइप वाढीव ठेव. मी म्हटलं, "साळवे, डोकं ठिकाणावर आहे का? ओटा सिमेंटशिवाय?" ते म्हणाले, "हलणार नाही, बघतो मी. माझं घर आहे ताई, माझ्या मर्जीने होऊ द्या." आजारी माणसाचा हट्ट म्हणून मी सोडून दिलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. दुपारी बाराला गेले होते. नाकात ऑक्सिजनची नळी, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि स्टुलावर बसून भाकरी थापणं चाललेलं. दोन थापा मारायच्या, श्वास घ्यायचा, पुन्हा दोन थापा. मला जबरदस्तीने जेवायला बसवलं. भाकरी गोल होती, पातळ होती, कडेला जराही चिरली नव्हती. मी तसं म्हटलं तर लहान मुलासारखे खूश झाले. "उंची बरोबर असली की हात बरोबर पडतो ताई." निघताना लिफ्टपर्यंत यायला उठले. मी ओरडले, बसा म्हणून. तर दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत हात वर करून होते. दोन महिन्यांनी गेले.

वहिनी कामावर परत रुजू झाल्या. एकदा संध्याकाळी गेले तर त्या बुटक्या ओट्यावर त्या कमरेत वाकून भाजी चिरत होत्या, जुन्या खोलीत चिरायच्या तशाच. मला बघवेना. म्हटलं, "वहिनी, मी उंच करून देते." त्या फाटकन म्हणाल्या, "हात लावायचा नाही. त्यांनी घासलाय तो." मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली, यावरून काय ते समजा.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज विचित्र. "ताई, घराला रंग द्यायचा म्हणून पलंग सरकवला. खाली कडप्प्याचे चार तुकडे आहेत, कागदात बांधलेले. मला वाटायचं कामावरचं उरलंसुरलं असेल. त्यावर माझं नाव आहे हो."

मी इस्माईलला घेऊन तशीच गेले. चार उभे पाय होते, अगदी काटकोनात कापलेले, कडा हाताने घासलेल्या. प्रत्येकावर पांढऱ्या पेन्सिलीने साळवेंच्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं: कमल. साडेपस्तीस. वरच्या दगडाची जाडी धरून.

"मी मापाला उभीच राहिले नव्हते," वहिनी म्हणाल्या. "कधी घेतलं यांनी?"

इस्माईल मान खाली घालून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं तसा म्हणाला, "मीच कापून आणले होते भाभी. आकडा त्यांनी तोंडपाठ सांगितला, न मोजता. कसम घातली होती त्यांनी. म्हणाले, आत्ता सांगितलं तर ती भांडेल, मरायची तयारी करताय म्हणेल. तिला स्वतःला सापडेपर्यंत बोलायचं नाही."

त्याने सिलिकॉनवरून पातं फिरवलं. करडा दगड अख्खा, एक टवका न उडता, मोकळा झाला. इस्माईलने दोन माणसं आणली होती. बुटके पाय काढले, नवे उभे केले, वर दगड ठेवला. पाइप बरोबर पुरला. टाइल्स खालपर्यंत होत्याच. जेवणाच्या वेळेआत काम झालं. इस्माईलने वहिनींना उभं केलं, कोपर दुमडायला सांगितलं आणि खाली मूठ धरली. मुठीचा तळ दगडाला टेकला. वर अंगठा बरोबर कोपराशी.

वहिनींनी पिठाचा डबा काढला. आम्हा सगळ्यांच्या भाकऱ्या त्यांनी पाठ सरळ ठेवून थापल्या. शेवटची भाकरी तव्यावर टाकली, गॅस बारीक केला, आणि मग दोन्ही हात पिठाचेच ओट्यावर टेकवून मोठ्याने रडल्या.